साठ मशिनवर एकच फाइल, एकदाच पाठवून: मल्टिकास्ट भरवशाचं कसं करायचं

कॉलेजची लॅब घ्या, परीक्षा केंद्र घ्या नाहीतर कॉल सेंटर, काम तेच असतं. ४० जीबीची एक इमेज (सगळं सॉफ्टवेअर बसवलेल्या डिस्कची हुबेहूब प्रत) आहे आणि उद्या सकाळी ६० मशिन तयार पाहिजेत. बरेच जण सर्व्हरवर शेअर फोल्डर करतात आणि सगळ्या मशिनवरून एकदम कॉपी लावून घरी जातात. आता हिशोब बघा, ४० गुणिले ६० म्हणजे २,४०० जीबी त्या एका सर्व्हरच्या एका गिगाबिट वायरमधून बाहेर पडायचे, आणि गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी सहा तास. तीच फाइल मल्टिकास्टने ४०० एमबीपीएसला पाठवली तर तेरा-चौदा मिनिटांत काम होतं, कारण सर्व्हर प्रत्येक पॅकेट एकदाच सोडतो आणि कॉप्या काढायचं काम स्विच करतो.

मग सगळे हेच का करत नाहीत? कारण आयपी मल्टिकास्ट मुळात कसलीच हमी देत नाही. स्टीव्ह डीअरिंगने ऑगस्ट १९८९ मध्ये आरएफसी १११२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) लिहिला तेव्हाच ठरलेलं होतं की जसं साधं आयपी पॅकेट पोचलं तर पोचलं तसंच हे, फरक एवढाच की पत्ता एका मशिनचा नाही, ग्रुपचा. हरवलेलं परत मागायचं, क्रम लावायचा, वेग आवरायचा ही टीसीपीची (साध्या कॉपीत भरवसा देणाऱ्या प्रोटोकॉलची) सगळी कामं इथे आपल्यालाच करावी लागतात. त्यात पाठवणं सोप्पं आहे, खरी डोकेदुखी “मिळालं का रे सगळ्यांना?” हे विचारण्यात आहे. साठ जणांनी प्रत्येक पॅकेटला “मिळालं” म्हटलं तर काय होईल बघा: १,४५६ बाइटचा ब्लॉक (एका पॅकेटमधला डेटा) धरला तर ४० जीबीचे पावणेतीन कोटी ब्लॉक होतात, त्याला साठने गुणा, जवळजवळ १६५ कोटी पोचपावत्या आणि त्या सगळ्या एकाच सर्व्हरच्या अंगावर. याला इम्प्लोजन म्हणतात, आणि भरवशाच्या मल्टिकास्टचे जेवढे प्रोटोकॉल आले त्यातले बहुतेक याच एका भानगडीतून वाट काढायला आलेत.

हा लेख लॅबच्या उदाहरणावर आहे पण शेवटी जास्त मोठ्या आणि लाइव्ह मेसेजच्या सेटअपबद्दलही लिहिलंय.

आधी ठरवा, मल्टिकास्ट हवंच आहे का

चार-पाच मशिन असतील तर सरळ कॉपी करा आणि चहाला जा, खरंच. मशिन वेगवेगळ्या शहरांत असतील आणि मधे इंटरनेट असेल तरी विषय संपला, कारण आयएसपी लोक ग्राहकांचं मल्टिकास्ट एकमेकांच्या नेटवर्कमधून नेत नाहीत. २०२० च्या आरएफसी ८८१५ ने तर कुणीही कुणालाही पाठवायचं जुन्या पद्धतीचं मल्टिकास्ट नेटवर्क-नेटवर्कच्या मधे वापरूच नका असं स्पष्ट सांगितलं. तिथे सीडीएन (जागोजागी प्रती ठेवणारी सेवा), टॉरेंट किंवा प्रत्येक शाखेत एक कॅश सर्व्हर.

आणि वायफाय असेल तर विसरा. वायफायवर मल्टिकास्ट फ्रेमला पोचपावती नसते, त्यामुळे हवेत हरवली की हरवली, अ‍ॅक्सेस पॉइंट ती परत पाठवत नाही, आणि सगळ्यात दूरच्या क्लायंटलाही ऐकू जावं म्हणून ती जायची सगळ्यात खालच्या रेटने. ५ गिगाहर्ट्झवर हा खालचा रेट सहसा ६ एमबीपीएस असतो, ४० जीबीला पंधरा तास लागतील आणि तेवढा वेळ बाकीच्यांचं वायफाय पण मेलेलं. काही अ‍ॅक्सेस पॉइंट मल्टिकास्टचं युनिकास्ट (प्रत्येकाला वेगळी प्रत) करून देतात, ते व्हिडिओसाठी ठीक आहे, इथे त्याने काहीच साधत नाही. लॅपटॉप असतील तर केबल लावा.

पत्ता निवडताना

मल्टिकास्टची रेंज २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंत. आपल्या घरातल्या वापरासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेत, त्यातलाच घ्यायचा. २२४.०.० वाले पत्ते घेऊ नका, ते त्याच नेटवर्कमधल्या यंत्रणेच्या आपसातल्या गप्पांसाठी आहेत, राउटर ते पुढे नेत नाही आणि स्विच ते सगळ्या पोर्टवर फेकतो.

इथे एक बारीक गंमत आहे जी फार कमी जणांना माहीत असते. आयपी मल्टिकास्टचा पत्ता इथरनेटच्या मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून पॅकेट कुठे द्यायचं ते ठरवतो) बसवताना फक्त शेवटचे २३ बिट घेतात, वरचे सोडून देतात, त्यामुळे ३२ वेगवेगळ्या आयपी ग्रुपचा मॅक एकच येतो. म्हणजे तुम्ही हौसेने २३९.०.०.१ घेतला तर त्याचा मॅक २२४.०.०.१ चाच होतो, आणि तो तर “सबनेटवरची सगळी मशिन” असा ग्रुप आहे! मॅक बघून काम करणारा स्विच मग तुमचे ४० जीबी सगळीकडे ओतणार. म्हणून २३९.०.०.काहीतरी आणि २३९.१२८.०.काहीतरी हे दोन्ही टाळा. २३९.१०.२०.३० असलं काहीतरी घ्या, कागदावर लिहून ठेवा, पोर्ट पण लिहा.

स्विच: निम्म्याहून जास्त भांडणं इथलीच

स्विचला आपणहून कळत नाही की ग्रुपमध्ये कोण आहे. मशिन ग्रुपमध्ये जाताना आयजीएमपीचा मेसेज टाकतं, आणि स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू असेल तर तो ते ऐकून ठेवतो आणि फक्त त्या त्या पोर्टवर पॅकेट पाठवतो. स्नूपिंग बंद असेल तर ब्रॉडकास्टसारखं सगळीकडे, मग त्याच व्हीलॅनमधला (स्विचवर वेगळा पाडलेला नेटवर्कचा भाग) १०० एमबीपीएसचा जुना प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, ऑफिसच्या बाईंचा पीसी, सगळ्यांवर ४०० एमबीपीएसचा धबधबा. फोन येतातच.

तर स्नूपिंग चालू करा. पण नुसतं स्नूपिंग चालू करून थांबलात तर त्याहून वाईट रोग होतो. स्विच ऐकलेली यादी कायम ठेवत नाही, कुणीतरी अधूनमधून “अजून कोण कोण आहे” असं विचारायला लागतं, त्याला क्वेरिअर म्हणतात. मल्टिकास्ट राउटर असेल तर तो हे काम करतो, पण लॅबच्या सपाट नेटवर्कमध्ये राउटर बहुतेक वेळा असं काही करत नसतो, मग विचारणारा कुणीच नाही आणि मुदत संपली की स्विच पोर्ट यादीतून काढून टाकतो. आयजीएमपी व्हर्जन २ च्या डीफॉल्ट आकड्यांनी ही मुदत २६० सेकंद आहे, १२५ सेकंदाला एक प्रश्न, असे दोन प्रश्न आणि वर उत्तराचे १० सेकंद. लक्षण अगदी ओळखू येण्यासारखं असतं: ट्रान्सफर मस्त सुरू होतं, चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास सगळ्या मशिनवर एकदम ठप्प. माणूस डिस्क बघतो, केबल बदलतो, अँटिव्हायरसला शिव्या घालतो. चार-साडेचार मिनिटांनी सगळी एकदम थांबली की आधी क्वेरिअर बघायचा.

इलाज सोपा आहे, मॅनेज्ड स्विचमध्ये स्नूपिंग क्वेरिअर म्हणून ऑप्शन असतो, तो एका मुख्य स्विचवर चालू करा आणि त्या व्हीलॅनमध्ये त्याला आयपी द्या. एकापेक्षा जास्त क्वेरिअर असतील तर ज्याचा आयपी सगळ्यात लहान तो जिंकतो, म्हणून मुख्य स्विचला लहान आयपी द्या नाहीतर कुठल्यातरी कोपऱ्यातलं डबडं क्वेरिअर होऊन बसतं आणि संध्याकाळी कुणीतरी त्याचा प्लग काढतं.

दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे स्टॉर्म कंट्रोल. कधीतरी लूप झाला म्हणून कुणीतरी स्विचवर मल्टिकास्टला मर्यादा लावून ठेवलेली असते, त्या मर्यादेवरचं स्विच गुपचूप टाकून देतो, कुठेही एरर नाही. तुमचा रेट त्या मर्यादेच्या वर गेला की नुकसान अचानक प्रचंड वाढतं, खाली आणला की जादू झाल्यासारखं नीट. तेवढ्यापुरती सेंडरच्या पोर्टवरची मर्यादा वाढवा, जुना आकडा लिहून ठेवा, आणि काम झालं की परत लावा.

अनमॅनेज्ड स्विच असेल तर वरचं काहीच करता येणार नाही. मग लॅबचे स्विच तेवढ्यापुरते बाकीच्या नेटवर्कपासून वेगळे काढा, अपलिंकची केबल काढली की झालं, मग मल्टिकास्टचा पूर आला तरी लॅबच्या आतच.

आधी रिकामी चाचणी

४० जीबी लावायच्या आधी आयपर्फने नेटवर्क तपासा. आयपर्फ २ घ्यायचं, ३ नाही, कारण ३ मध्ये मल्टिकास्ट नाहीच. दोन-तीन मशिनवर सर्व्हर मोडमध्ये तो ग्रुपचा पत्ता बाइंड करून चालू ठेवायचं, आणि पाठवणाऱ्याकडून यूडीपी (टीसीपीसारखी हमी नसलेला साधा प्रोटोकॉल, मल्टिकास्ट यावरच चालतं) १००, मग २००, मग ४०० एमबीपीएस असं वाढवत न्यायचं. प्रत्येक टप्पा निदान सहा मिनिटं चालू द्या, तीस सेकंदांची चाचणी काही कामाची नाही, वरचा २६० सेकंदांचा रोग त्यात दिसणारच नाही. टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं त्याचा आकडा) १ असतो हे लक्षात ठेवा, मधे राउटर असेल तर वाढवावा लागेल.

काहीच पोचत नसेल तर पहिला संशय चुकीच्या नेटवर्क कार्डावर घ्या. आजकाल प्रत्येक मशिनमध्ये व्हर्च्युअलबॉक्स, डॉकर, व्हीपीएन यांची खोटी कार्डं असतात आणि मल्टिकास्ट भलत्याच कार्डातून बाहेर जातं किंवा भलत्याच कार्डावर वाट बघत बसतं. इंटरफेस नेहमी नाव घेऊन सांगा. दुसरा संशय फायरवॉल.

नुकसान दिसत असेल तर ते वायरीत होतंय की मशिनमध्ये ते आधी वेगळं करा, कारण इलाज पूर्ण वेगळे आहेत. लिनक्सवर यूडीपीच्या आकडेवारीत रिसीव्ह बफर एरर्स असा एक आकडा असतो. तो वाढतोय म्हणजे पॅकेट मशिनपर्यंत आलं होतं पण प्रोग्रॅमने उचलायच्या आत बफर भरला आणि कर्नलने टाकून दिलं. लिनक्सचा यूडीपी बफर डीफॉल्टला २,१२,९९२ बाइट, म्हणजे २०८ केबी. ४०० एमबीपीएसला हे चार मिलिसेकंदात भरतं! प्रोग्रॅम डिस्कवर लिहिण्यात चार मिलिसेकंद अडकला की गेलं. बफरची कमाल मर्यादा काही एमबीपर्यंत वाढवा, मी १६ ठेवतो, आणि प्रोग्रॅमलाही मोठा बफर मागायला सांगा, नुसती मर्यादा वाढवून भागत नाही. हा आकडा शून्य आहे आणि तरी पॅकेट जातायत तर मग स्विच, केबल, स्टॉर्म कंट्रोल.

आता खरं पाठवणं

लॅबसाठी मी यूडीपीकास्ट सुचवेन. फॉग आणि क्लोनझिला या इमेज वाटायच्या सॉफ्टवेअरच्या पोटात मल्टिकास्टसाठी तेच आहे, त्यामुळे ते वापरत असाल तर नकळत हेच वापरताय. एक यूडीपी-सेंडर, बाकी सगळ्यांवर यूडीपी-रिसीव्हर.

ते चालतं कसं हे एकदा समजून घ्या म्हणजे ऑप्शन आपोआप समजतात. सेंडर ब्लॉकची एक स्लाइस सोडतो, जास्तीत जास्त १,०२४ ब्लॉकची, आणि स्लाइस संपली की सगळ्यांना विचारतो. ज्याला सगळं मिळालं तो ओके म्हणतो, नाहीतर कुठले ब्लॉक नाहीत त्याचा नकाशा पाठवतो, प्रत्येक ब्लॉकला एक बिट. सेंडर सगळ्यांचे नकाशे एकत्र करतो आणि तेवढेच ब्लॉक परत मल्टिकास्ट करतो, मग ज्यांना हवे ते घेतील. मघाचे १६५ कोटी आठवतात ना, पूर्ण १,०२४ ची स्लाइस धरली तर ते १६ लाखांवर येतं. साठ-सत्तर मशिनला हे आरामात झेपतं.

आधी सगळे रिसीव्हर चालू करून ठेवा, मग सेंडर. सेंडरला मिन-रिसीव्हर्स मध्ये ६० सांगा म्हणजे साठ जोडले गेल्याशिवाय सुरू होणार नाही, पण त्याच्याबरोबर मॅक्स-वेट पण द्या, पाच-दहा मिनिटं, कारण एक तरी पीसी त्या दिवशी चालू होत नाहीच, आणि मॅक्स-वेट नसेल तर ५९ मशिन त्या एकासाठी रात्रभर ताटकळत बसतील. स्विच असल्यामुळे फुल-डुप्लेक्स ऑप्शन लावा, मग उत्तरं येईपर्यंत सेंडर पुढची स्लाइस पाठवत राहतो. डेटाचा मल्टिकास्ट पत्ता मघाशी निवडलेला द्या, कारण डीफॉल्टला तो २३२ ची रेंज घेतो आणि काही उपकरणं त्या रेंजला वेगळे नियम लावतात.

मॅक्स-बिटरेट मात्र कधीही मोकळा सोडू नका. टीसीपीला गर्दी कळते आणि तो मागे सरतो, हे असं काही करत नाही, सांगाल त्या वेगाने मारत राहील. वेग सगळ्यात हळू मशिनवर ठरवायचा. लॅबमध्ये पाच पीसी जुन्या हार्ड डिस्कवाले असतील आणि ती डिस्क सेकंदाला ७० एमबी लिहीत असेल तर बाकीच्यांकडे एसएसडी असून उपयोग नाही, तुमची खरी मर्यादा ५६० एमबीपीएस झाली, त्यातही थोडं खालीच राहायचं. मी चाचणीत नुकसान सुरू झालं त्या रेटच्या तीन चतुर्थांशावर ठेवतो. हळू पण सलग चालणारं ट्रान्सफर नेहमी आधी संपतं, कारण वेगात हरवलेलं परत पाठवताना सगळेच थांबतात. इमेज कॉम्प्रेस करून पाठवायची असेल तर हलकं कॉम्प्रेशन घ्या, नाहीतर जुन्या प्रोसेसरवर उघडतानाच अडकेल.

आणि ती पाच मशिन फारच मंद असतील तर त्यांना वेगळ्या फेरीत घ्या. हा सल्ला साधा वाटतो पण मोठमोठ्या मेसेजिंग सिस्टीममध्ये पण हाच प्रश्न आहे, तिथे अशा मशिनला क्रायबेबी रिसीव्हर म्हणतात, सारखं “मला मिळालं नाही, मला मिळालं नाही” करून सगळ्या ग्रुपचा वेग पाडणारं. एक केबल खराब असलेला पीसी ५९ जणांना वेठीला धरू शकतो. यूडीपीकास्ट ठरावीक प्रयत्नांनंतर उत्तर न देणाऱ्याला सोडून देतं, पण रडतखडत उत्तर देणाऱ्याला सोडत नाही, तो तुम्हालाच लॉग बघून शोधावा लागतो. पोर्टवर १०० एमबीपीएसचा दिवा लागलेला दिसला की समजा सापडला.

पोचलं म्हणजे बरोबर पोचलं असं नाही

प्रोटोकॉलने सांगितलं पूर्ण झालं, तरी प्रत्येक मशिनवर फाइलचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काढा आणि मूळाशी जुळवा. यूडीपीचा चेकसम १६ बिटांचा आहे, शिवाय रॅम, डिस्क, केबल सगळं मधे आहे. डिस्कवर थेट लिहिलं असेल तर तेवढाच भाग परत वाचून हॅश काढा. साठ हॅश एका फोल्डरमध्ये गोळा करायची छोटी स्क्रिप्ट करून ठेवा.

जुळले नाहीत ते, मॅक्स-वेटमध्ये राहून गेलेले, मधे सुटलेले, असे तीन-चार निघतातच. त्यांच्यासाठी परत मल्टिकास्ट लावायचा मोह आवरा. सरळ युनिकास्ट कॉपी. मल्टिकास्टने ९५ टक्के लोक उरकायचे आणि शेपूट टीसीपीने, हे नुसतं लॅबचं जुगाड नाही, शेअर बाजाराच्या फीडपर्यंत सगळीकडे असंच करतात, त्यावर खाली येतोच.

साठाचे सहाशे झाले तर

इथे गणित बदलतं. समजा प्रत्येक मशिनवर हजारात एकच पॅकेट हरवतं, आणि प्रत्येकाचं हरवणं स्वतंत्र आहे. साठ मशिनमध्ये एखादं पॅकेट कुणाकडे तरी हरवलेलं असण्याची शक्यता साधारण ६ टक्के. हजार मशिनमध्ये ६३ टक्के! म्हणजे दर तीनातली जवळपास दोन पॅकेटं कुणा ना कुणासाठी परत पाठवावी लागणार, नेटवर्क उत्तम असूनसुद्धा. वर सहाशे जणांचे नकाशे जमा करायचे ते वेगळंच.

यावर मुख्य वाटा तीन आहेत आणि मला विचाराल तर पहिली आधी करून बघा.

पहिली, झाड करा. प्रत्येक लॅब किंवा मजल्याच्या एका मशिनला आधी फाइल द्या, मग ते मशिन आपल्या व्हीलॅनमध्ये सेंडर होईल. हरवल्याच्या तक्रारी तिथल्या तिथे मिटतात, मुख्य सर्व्हरला फक्त दहा-बारा प्रतिनिधींशी बोलायचं. नव्वदच्या दशकात बेल लॅब्समध्ये झालेल्या आरएमटीपी प्रोटोकॉलची कल्पना हीच होती. व्यवहारात मोठा फायदा म्हणजे व्हीलॅन ओलांडायला राउटरवर पिम (राउटरला मल्टिकास्ट पुढे न्यायला लावणारा प्रोटोकॉल) वगैरे चालू करायच्या फंदात पडायला लागत नाही, नेटवर्कवाल्यांची परवानगी काढण्यात जो आठवडा जातो तो वाचतो.

दुसरी वाट, पोचपावतीच नको, फक्त तक्रार करा. वर्गात सर “कुणाला नाही कळलं?” विचारतात, “ज्यांना कळलं त्यांनी हात वर करा” नाही, तसं. याला नॅक म्हणतात. पण सर्व्हरजवळच्या वायरीतच पॅकेट हरवलं तर सहाशेच्या सहाशे एकदम तक्रार करणार. १९९५ मध्ये सॅली फ्लॉइड, व्हॅन जेकबसन आणि मंडळींनी एसआरएम नावाचा प्रोटोकॉल मांडला त्यात यावर झकास तोड आहे: पॅकेट नाही असं कळल्यावर लगेच ओरडायचं नाही, थोडा रँडम वेळ थांबायचं, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाची तीच तक्रार ऐकू आली तर आपण गप्प बसायचं, कारण परत पाठवलेलं सगळ्यांनाच मिळणार आहे. वाट बघायची मुदत जितकी लांब तितक्या तक्रारी कमी पण दुरुस्तीला उशीर, ही ओढाताण कुठल्याही नॅक प्रोटोकॉलमध्ये सेटिंग म्हणून तुम्हाला दिसेल. पीजीएम हा असाच एक नॅक प्रोटोकॉल २००१ मध्ये आरएफसी ३२०८ म्हणून आला, पण त्याचा पूर्ण फायदा राउटरने साथ दिली तरच. अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतून आलेलं नॉर्म, २००९ चा आरएफसी ५७४०, हे राउटरकडून काही मागत नाही, आज नवीन काही बांधायचं असेल तर मी नॉर्मपासून सुरू करेन.

तिसरी वाट एफईसी, म्हणजे आधीच थोडं जास्तीचं पाठवून ठेवायचं. ही मला सगळ्यात हुशार वाटते. १२८ पॅकेटांमागे ८ जास्तीची गणिती पॅकेटं पाठवली, तर त्या १३६ मधली कुठलीही १२८ मिळाली तरी मूळचं सगळं परत बनवता येतं. अ मशिनकडे पाचवं हरवलं, ब कडे नव्वदावं, क कडे एकशे विसावं, तिघांचं काम त्याच एका जास्तीच्या पॅकेटने होतं. वरच्या ६३ टक्क्यांच्या गणिताची हवाच निघून जाते, आणि खर्च फक्त सव्वासहा टक्के. यूडीपीकास्टमध्ये हे एफईसी ऑप्शनला ८x८/१२८ असं लिहून मिळतं, त्यातलं पहिलं ८ म्हणजे पॅकेटं आळीपाळीने आठ गटांत विणायची, म्हणजे सलग ६४ पॅकेटं गेली तरी प्रत्येक गटाची आठच गेली. एसिंक मोडबरोबर वापरलं तर परतीचा संवाद अजिबात लागत नाही, सॅटेलाइटसारख्या एकेरी वाटेवर हेच करतात. पण मग कोण अपुरं राहिलं हे सेंडरला कळत नाही, तेव्हा हॅशची पायरी दुप्पट महत्त्वाची, आणि उशिरा जोडलेल्याला आधीचं मिळणार नाही. तोडगा म्हणजे फाइल चक्राकार पाठवत राहायची, किंवा रॅप्टरक्यू सारखा फाउंटन कोड, त्यात कधीही या, पुरेशी पॅकेटं जमा झाली की फाइल तयार. मोबाइल ब्रॉडकास्टसाठी ३जीपीपीने (मोबाइलची मानकं ठरवणारी संस्था) फ्लूट हा फाइल पाठवायचा प्रोटोकॉल आणि रॅप्टर हा फाउंटन कोड घेतले ते याचसाठी.

फाइल नाही, सतत येणारे मेसेज असतील तर

भाव, अलर्ट, सेन्सरचे आकडे, असं काही ग्रुपला पाठवायचं असेल तर चार गोष्टी पहिल्या दिवसापासून घाला. प्रत्येक मेसेजला सिक्वेन्स नंबर. सेंडर रीस्टार्ट झाला की बदलणारा सेशन नंबर, नाहीतर परत १ पासून सुरू झालेलं रिसीव्हर जुनं म्हणून फेकून देईल. काही पाठवायला नसेल तेव्हा ठरावीक वेळाने हार्टबीट, त्यात शेवटचा नंबर, कारण मधलं हरवलं तर पुढच्या नंबरवरून कळतं पण शेवटचंच हरवलं तर कळणार कसं? पुढचा मेसेज अर्ध्या तासाने आला तर अर्धा तास तो रिसीव्हर सुखात बसलेला असतो. आणि चौथं, हरवलेलं मागायला वेगळा टीसीपी रिकव्हरी सर्व्हर, मुख्य सेंडरवर हा बोजा टाकायचा नाही.

शेअर बाजारांची फीड अशीच चालतात. बऱ्याच एक्स्चेंज तोच डेटा दोन वेगळ्या ग्रुपवर दोन वाटांनी पाठवतात, रिसीव्हर जो नंबर आधी येईल तो घेतो, दुसरा टाकतो, दोन्हीकडे हरवला तरच रिकव्हरीकडे जातो. आणि मल्टिकास्ट इथे फक्त बोजा वाचवायला नाही, समान वागणुकीसाठी पण आहे. मुंबईत एनएसईच्या को-लोकेशनमध्ये (ब्रोकरचे सर्व्हर बाजाराच्याच इमारतीत) टिक-बाय-टिक (प्रत्येक बदलाचा) डेटा आधी टीसीपीवर जायचा, म्हणजे सर्व्हर प्रत्येक कनेक्शनला एकापाठोपाठ एक देणार, रांगेत जो पुढे त्याला आधी. सेबीच्या एप्रिल २०१९ च्या आदेशात या रचनेची चिरफाड आहे. नंतर तो डेटा मल्टिकास्टवर गेला. टीसीपीमध्ये एकाच वेळी सगळ्यांना असं काही नसतंच, पाठवायची फेरी कुठल्यातरी एकापासून सुरू होणारच.

मंद रिसीव्हरने सगळ्यांना खाली ओढू नये आणि तरी जवळपास सगळ्यांना सगळं मिळावं असं हवं असेल तर १९९९ चं बायमोडल मल्टिकास्ट वाचा, कॉर्नेलच्या केन बर्मन आणि सहकाऱ्यांचं. आधी मेसेज बिनभरवशाच्या मल्टिकास्टने उडवून द्यायचा, मग प्रत्येक मशिन अधूनमधून कुणातरी एकाला रँडम निवडून विचारतं, माझ्याकडे हे हे आहे, तुझ्याकडे काय नाही? ग्रुप कितीही वाढला तरी एका मशिनवरचा बोजा जवळपास तेवढाच राहतो, कारण प्रत्येक जण एका फेरीत मोजक्याच जणांशी बोलतो.

पण रिसीव्हर दोन दिवस बंद राहून परत आला तरी त्याला सगळं मिळालं पाहिजे अशी अट असेल तर मल्टिकास्टच्या मागे लागू नका. तेव्हा डिस्कवर साठवणारा ब्रोकर (मेसेज घेऊन पुढे देणारा मधला सर्व्हर) हवा, काफ्का किंवा एमक्यूटीटी कायमच्या सेशनसह आणि क्यूओएस १ वर (मेसेज निदान एकदा तरी पोचवण्याची पातळी). क्यूओएस १ मध्ये तोच मेसेज दोनदा येऊ शकतो, म्हणून रिसीव्हरमध्ये तो सिक्वेन्स नंबर तपासायचा कोड तिथेही लिहावाच लागतो.